कण्यातला बांध

कोल्हापूरला लागून असलेल्या उचगावात 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' या संस्थेचं 'घरौंदा' हे वसतिगृह आहे. ज्यांना पायऱ्या चढता येत नाहीत, अशा मुलामुलींनी तिथे राहून शिकावं, यासाठी ते उभं राहिलं. संस्था १९८४ची. ती उभी करणाऱ्या नसीमा हुरजूक, म्हणजे जिल्ह्याच्या नसीमादीदी, यांच्या कमरेखालचं शरीर वयाच्या सोळाव्या वर्षी निकामी झालं. तो काळ १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धाचा. मणक्याच्या दुखण्यानं पाय गेले, तर मुलीला घरातल्या खाटेवर ठेवायचं, देवाला किंवा पिराला नवस बोलायचा आणि डॉक्टरांना एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायचा, असे ते दिवस होते.

तो प्रश्न आजही दवाखान्यांच्या व्हरांड्यात ऐकू येतो. विहिरीत सूर मारताना तळाचा खडक लागलेला असतो, कुणी नारळावरून पडलेला असतो, कुणाची मोटारसायकल रात्री उसाच्या ट्रॉलीवर आदळलेली असते. नातेवाईक विचारतात, "हाड जोडलं, मग नस का जोडत नाही?" प्रश्न अडाणीपणाचा वाटेल, पण तो नेमका आहे. हात कापला आणि त्यातली नस तुटली, तर शल्यविशारद ती शिवतात आणि काही महिन्यांनी बोटांत मुंग्या येऊ लागतात. म्हणजे तुटलेला तंतू वाढू शकतो. मग पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूनं काय पाप केलं आहे?

या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता शंभराहून अधिक वर्षं गेली. माद्रिदपासून माँट्रियलपर्यंत, ग्लासगोपासून दिल्लीपर्यंत माणसं त्यात गुंतली, आणि शोधाचं टोक अखेर माणसाच्या नाकात जाऊन पोचलं.

सुरुवात सान्तियागो रामोन इ काहाल या स्पॅनिश शास्त्रज्ञापासून करावी लागते. १९०६चं नोबेल पारितोषिक कामिल्लो गोल्जीबरोबर विभागून मिळालेला हा माणूस सूक्ष्मदर्शकाखाली दिसेल ते हातानं रेखाटायचा आणि ती चित्रं आजही पाठ्यपुस्तकांत छापली जातात. तुटलेल्या मज्जारज्जूत त्याला एक चमत्कारिक गोष्ट दिसली. तंतूंची तुटकी टोकं लगेच मरत नाहीत. थोडी वाढतात, कोंब फुटल्यासारखी दिसतात, आणि मग थबकतात. हातापायाच्या नसेत मात्र हेच कोंब पुढे सरकत राहतात. काहालचा तर्क असा की दोष तंतूत नसावा, तो ज्या मातीत वाढतो तिच्यात असावा. १९११ साली त्याच्या हाताखालच्या फ्रान्सिस्को तेल्यो यानं सशाच्या मेंदूत पायाच्या नसेचा तुकडा बसवला, तेव्हा मेंदूतले काही तंतू त्या तुकड्यात शिरलेले दिसले. खूण स्पष्ट होती. तरी काहालनं पुढे जो निराश निष्कर्ष काढला, त्याच्या ओझ्याखाली हा प्रयोग पन्नासेक वर्षं जवळजवळ विसरला गेला.

हातापायाच्या नसेतली ही चांगली माती म्हणजे एक विशिष्ट पेशी. १८३९च्या सुमारास थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञानं तिचं वर्णन केलं, म्हणून ती श्वान पेशी. मराठी वाचकाला इथे कुत्रा आठवणं साहजिक आहे, आणि ते अगदीच चुकीचंही नाही. ही पेशी तंतूला वेटोळं घालून बसते आणि त्याची राखण करते. तंतू तुटला तर सगळा कचरा साफ करते, रांग लावून नव्या कोंबाला वाट दाखवते आणि त्याच्याभोवती पुन्हा गुंडाळली जाते. मेंदू आणि मज्जारज्जूत ती नसते. तिथे आधाराचं काम दुसऱ्या पेशींकडे असतं आणि त्यांपैकी गोष्टीला निर्णायक वळण देणारी आहे ताऱ्याच्या आकाराची तारकापेशी. तज्ज्ञ तिला ॲस्ट्रोसाइट म्हणतात.

एरवी ही तारकापेशी सज्जन. चेतापेशींना खाऊपिऊ घालते, रक्तवाहिन्यांची काळजी घेते. पण मज्जारज्जूला मार लागला की तिचं रूप पालटतं. ती फुगते, तिचे हातपाय जाड होतात, आजूबाजूच्या बहिणी एकमेकींत हात गुंफतात आणि जखमेभोवती दाट वण तयार होतो. भोवती साखरेच्या साखळ्या चिकटलेली प्रथिनं साचतात. तुटलेल्या तंतूचा कोंब या वणापाशी आला की थांबतो.

कोल्हापूरकराला हे वेगळ्या शब्दांत सांगायचं तर तारकापेशी जखमेभोवती बांध घालतात. शेतातला बांध दोन कामं करतो. पाणी आत येऊ देत नाही आणि शेजाऱ्याला नांगर पुढे नेऊ देत नाही. त्याच्यावरून कोर्टात पिढ्या जातात. विज्ञानातही तेच झालं.

अमेरिकन शास्त्रज्ञ विल्यम विंडल यानं १९५०च्या सुमारास मांजरं आणि कुत्र्यांच्या मज्जारज्जूवर प्रयोग करताना पाहिलं की ताप आणणारं एक जिवाणूजन्य द्रव्य दिलं, की वण पातळ होतो आणि तंतू थोडे पुढे सरकतात. तेव्हापासून एक समजूत घट्ट होत गेली. बांध हाच शत्रू आहे, तो फोडला की काम झालं.

या सगळ्या दरम्यान माणसं मरत होती, हे विसरून चालणार नाही. पहिल्या महायुद्धात कणा दुखावलेले बहुसंख्य सैनिक फार काळ जगलेच नाहीत. शय्याव्रण चिघळायचे, लघवीचा जंतुसंसर्ग मूत्रपिंडात जायचा. इजिप्तमधल्या सुमारे ३६०० वर्षांपूर्वीच्या पपायरसमध्ये मान मोडून हातपाय लुळे पडलेल्या माणसाचा आजार 'उपचार करू नये' अशा यादीत घातलेला आहे आणि विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकातही व्यवहार त्याहून फार वेगळा नव्हता.

तो बदलला लुडविग गुटमान यानं. ब्रेस्लाउ शहरातला हा ज्यू मेंदूविकारतज्ज्ञ नाझींच्या छळामुळे १९३९ साली इंग्लंडला गेला आणि १९४४च्या फेब्रुवारीत स्टोक मँडेव्हिल इथे त्यानं कणा दुखावलेल्या सैनिकांसाठी विभाग सुरू केला. त्याच्याकडे नस जोडायचं औषध नव्हतं. त्याच्याकडे घड्याळ होतं. दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलायची, दिवसरात्र, कुणी कंटाळलं तरी. लघवीची नळी काटेकोर स्वच्छतेनं हाताळायची. मग रुग्णाला उठवून बसवायचं, चाकाच्या खुर्चीवर आणायचं आणि हातात धनुष्य द्यायचं. १९४८च्या जुलैत तिथे १६ जणांची तिरंदाजीची स्पर्धा भरली. पुढे तिच्यातूनच पॅरालिम्पिक जन्माला आलं.

या स्पर्धेची पुढची एक पायरी थेट आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात येते. इस्लामपूर-पेठ भागातले मुरलीकांत पेटकर सैन्यात होते, बॉक्सिंग करायचे. १९६५च्या युद्धात सियालकोट आघाडीवर त्यांना गोळ्या लागल्या आणि एक गोळी कण्यात रुतली. पाय गेले. १९७२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात ३७.३३ सेकंदांत सुवर्णपदक मिळवलं. भारताचं पॅरालिम्पिकमधलं ते पहिलं सुवर्ण. पद्मश्री यायला २०१८ उजाडलं, ही आपल्याकडची गती.

१९६५च्या त्याच युद्धात आणखी एका माणसाच्या मानेत गोळी घुसली होती. मेजर हरीपालसिंग अहलुवालिया. त्याच वर्षीच्या मे महिन्यात ते एव्हरेस्टच्या माथ्यावर उभे होते. उपचारासाठी ते स्टोक मँडेव्हिलला गेले, तिथे जे पाहिलं ते मनात धरून परतले आणि पुढे दिल्लीच्या वसंतकुंजात इंडियन स्पायनल इंज्युरीज सेंटर उभं केलं. त्या इस्पितळाचं नाव या गोष्टीत पुन्हा येणार आहे.

कोल्हापुरात नसीमादीदींना वाट दाखवली ती बाबूकाका दिवाण यांनी. ते स्वतः पक्षाघातानं खुर्चीला जखडलेले होते, तरी यशस्वी उद्योजक होते. खुर्चीतला माणूस दुसऱ्यांना नोकऱ्या देतो, हे डोळ्यांनी पाहणं हाच मोठा उपचार ठरला. दीदींनी शिक्षण पुरं केलं, केंद्रीय अबकारी खात्यात नोकरी केली आणि रजनी करकरे-देशपांडे, मनोहर देशभ्रतार यांच्यासारख्या सहकाऱ्यांबरोबर संस्था घडवली. 'चाकाची खुर्ची' या त्यांच्या आत्मकथनात ही वाटचाल आहे.

इकडे उचगावची संस्था उभी राहण्याच्या थोडं आधी, माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात अल्बर्ट अग्वायो यांनी तेल्योचा विसरलेला प्रयोग पुन्हा हाती घेतला होता. या वेळी तंतू कुठून निघून कुठे गेले याचा माग काढणारी नवी रंगद्रव्यं हाताशी होती. १९८० आणि १९८१ साली त्यांच्या गटानं उंदरांच्या पायाच्या नसेचा तुकडा मज्जारज्जूत पूल म्हणून बसवला. सॅम्युएल डेव्हिड आणि अग्वायो यांच्या १९८१च्या प्रयोगात मेंदूच्या बुंध्यातले आणि मज्जारज्जूतले तंतू त्या पुलावर चढून तीनेक सेंटिमीटर वाढले. काहालचा तर्क खरा ठरला. प्रौढ मज्जारज्जूतला तंतू वाढू शकतो, त्याला श्वान पेशींची सोबत मिळाली तर.

पण पुलाच्या दुसऱ्या टोकाला घात झाला. तंतू उतरायला तयार होईनात. पलीकडच्या मज्जारज्जूत जेमतेम एक-दोन मिलिमीटर शिरून ते थबकायचे. मायामीत मेरी आणि रिचर्ड बंज यांच्या प्रयोगशाळेनं नळीत फक्त श्वान पेशी भरून पूल केले, तरीही थोड्याफार फरकानं तेच. पूल उत्तम आणि उतार नाही. कोकणातून घाट चढून यावं आणि माथ्यावरच रस्ता संपावा, तशी गत.

कारण श्वान पेशी आणि तारकापेशी यांचं एकमेकींशी पटत नव्हतं. जिथे पूल संपतो तिथे दोघींच्या मध्ये नवा बांध पडत होता.

आता नाकाकडे वळू. वासाच्या चेतापेशी नाकाच्या वरच्या अस्तरात असतात, बाहेरच्या हवेला जवळजवळ उघड्या. सर्दी, धूळ, मिरचीची फोडणी, सगळं त्यांच्या अंगावर. त्या काही आठवड्या-महिन्यांत मरतात आणि त्यांच्या जागी नव्या येतात, माणूस जिवंत असेपर्यंत. प्रत्येक नव्या पेशीला आपला तंतू कवटीच्या चाळणीसारख्या हाडातून मेंदूपर्यंत न्यावा लागतो. म्हणजे शरीरात एक अशी जागा आहे जिथे बाहेरून आलेला तंतू प्रौढ मेंदूत रोज शिरतो आणि तारकापेशी त्याला अडवत नाहीत. हे कसं?

हा प्रश्न धरून बसले लंडनच्या मिल हिल इथले जेफ्री रेझमन. १९८५ साली त्यांनी दाखवलं की या तंतूंना नाकापासून मेंदूच्या आतपर्यंत सोबत करणारी खास आधारपेशी असते. ती एकेका तंतूला नव्हे, तर मोळीच्या मोळीला कवेत घेते. आणि जिथे ती मेंदूच्या हद्दीवर तारकापेशींना भेटते, तिथे दोघींची मांडणी अशी होते की मधला दरवाजा उघडा राहतो. हिचं शास्त्रीय नाव लांबलचक आहे. आपण तिला घ्राणपेशी म्हणू.

नाकानं शल्यशास्त्राला हात देण्याची ही पहिली वेळ नव्हे. टिपूच्या सैनिकांनी नाक कापलेल्या कावसजी नावाच्या बैलगाडीवानाला पुण्यात एका कारागिरानं कपाळाची कातडी वळवून नवं नाक बसवलं, आणि ती हकिगत १७९४ साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आल्यावर युरोपात प्लॅस्टिक सर्जरीची लाट आली. तेव्हा कपाळानं नाकाला दिलं होतं. दोनशे वर्षांनी नाक कण्याला देऊ पाहत होतं.

स्पेनच्या आल्मुदेना रामोन-कुएतो आणि मान्युएल नीएतो-साम्पेद्रो यांनी १९९४ साली उंदरांच्या मज्जारज्जूत घ्राणपेशी सोडून पाहिल्या आणि तंतू आत शिरलेले दाखवले. १९९७ साली रेझमन, यिंग ली आणि पॉलीन फील्ड यांचा निबंध 'सायन्स'मध्ये आला. उंदराच्या मानेजवळ एका बाजूचा पंजा चालवणारा पट्टा तोडला होता, म्हणून त्या पंजानं उंदीर खाऊ उचलेना. घ्राणपेशी टोचल्यावर काही उंदरांचा तो पंजा पुन्हा खाऊकडे जाऊ लागला. तंतू जखम ओलांडून पलीकडे गेलेले दिसले. उतार सापडला होता.

तरी एक शंका राहिली. घ्राणपेशी आणि श्वान पेशी दिसायला इतक्या सारख्या की प्रयोगशाळेतल्या ताटलीत त्या वेगळ्या ओळखणं तज्ज्ञांनाही अवघड जातं. शिवाय नाकातून काढलेल्या पेशींत श्वान पेशींची भेसळ होण्याचा धोका कायम. मग फरक नेमका कशात?

सन २००० मध्ये सुझन बार्नेट, अँड्रास लाकाटोश आणि रॉबिन फ्रँकलिन यांनी याचं उत्तर जवळजवळ खेडवळ वाटावं इतक्या साध्या प्रयोगातून दिलं. बार्नेट यांची प्रयोगशाळा ग्लासगोत होती. ताटलीत तारकापेशींबरोबर एकदा श्वान पेशी वाढवल्या, एकदा घ्राणपेशी. काही दिवसांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर श्वान पेशींच्या ताटलीत सरळसरळ वाटणी झाली होती. इकडे एकींचा वाडा, तिकडे दुसऱ्यांचा, मधे स्वच्छ रेषा. आणि त्या रेषेजवळच्या तारकापेशी फुगलेल्या, वणाच्या वेळी दिसतात तशा, साखरसाखळीची प्रथिनं जास्त बनवणाऱ्या. घ्राणपेशींच्या ताटलीत अशी रेषाच नव्हती. त्या तारकापेशींच्या मधून आरपार फिरत होत्या, आणि तारकापेशींनाही त्याचं काही वाटत नव्हतं. मग पेशी समोरासमोर पट्ट्यांत लावून पाहिल्या. पुन्हा तेच. २००३ साली याच गटानं जिवंत उंदरांच्या मज्जारज्जूत दोन्ही प्रकारच्या पेशी टोचल्या, तर तिथेही श्वान पेशींभोवती तारकापेशी अधिक चवताळलेल्या आढळल्या.

गंमत पुढे आहे. श्वान पेशी अडतात त्या भांडणामुळे असं वाटेल. २००५ साली बार्नेट यांच्या गटानं दाखवलं की श्वान पेशी तारकापेशीला भेटली की एन-कॅडहेरिन नावाच्या प्रथिनानं तिला घट्ट चिकटते आणि जागच्या जागी बसते. हे चिकटणं कमी केलं की श्वान पेशीही तारकापेशींच्या मधून फिरू लागते. घ्राणपेशींपाशीही हे प्रथिन असतं, पण त्या इतक्या चिकटत नाहीत. हद्द वैरानं पडते तशी अति सलगीनंही पडते, हे एका ताटलीत दिसलं, आणि भाऊबंदकी पाहिलेल्या कुणालाही त्याचं फार आश्चर्य वाटू नये.

त्याच सुमारास इतरांनी थेट बांधावर कुदळ चालवली. २००२ साली एलिझाबेथ ब्रॅडबरी आणि सहकाऱ्यांनी वणातल्या साखरसाखळ्या खाऊन टाकणारं एक जिवाणूचं विकर उंदरांच्या जखमेत सोडलं, आणि काही हालचाली परत आल्या. त्यामुळे वण हाच खलनायक, ही समजूत आणखी पक्की झाली.

माणसं मात्र ताटलीतल्या निकालांसाठी थांबायला तयार नव्हती. लिस्बनच्या कार्लोस लिमा यांनी २००१पासून रुग्णाच्याच नाकाचं अस्तर काढून कण्याच्या जखमेत बसवायला सुरुवात केली. बीजिंगच्या हुआंग होंगयुन यांनी गर्भातल्या घ्राणपेशी शेकडो रुग्णांना टोचल्या आणि जगभरातून खुर्चीतली माणसं विमानानं तिकडे जाऊ लागली. शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांतच फरक पडतो, असे दावे होत. तंतू इतक्या लवकर वाढूच शकत नाहीत. २००६ साली ब्रूस डॉबकिन आणि सहकाऱ्यांनी तिथे उपचार घेतलेल्या सात जणांची आधी आणि नंतर तपासणी केली. उपयोगी सुधारणा आढळली नाही. पाच जणांना गुंतागुंत झाली होती, त्यात मेंदूच्या आवरणाचा दाहही होता. ब्रिस्बेनमध्ये ॲलन मॅके-सिम यांच्या गटानं तीन रुग्णांवर सावधपणे प्रयोग केला आणि तीन वर्षांनी, २००८ साली, सांगितलं की पद्धत सुरक्षित दिसते, हालचालीत फरक नाही. निराशाजनक निकाल इतक्या सरळपणे मांडणं हे या क्षेत्रात दुर्मीळ आहे, म्हणून तो आवर्जून सांगावासा वाटतो.

भारतातही हा प्रयोग झाला, आणि तो झाला अहलुवालियांनी उभारलेल्या दिल्लीच्या त्याच केंद्रात. डॉ. एच. एस. छाबडा आणि सहकाऱ्यांनी लिमा यांना सोबत घेऊन, जुनी दुखापत असलेल्या पाच रुग्णांच्या कण्यात त्यांच्याच नाकाचं अस्तर बसवलं. २००९ साली अहवाल आला. कुणातही ठळक उपयोग दिसला नाही, असं त्यात नोंदलं होतं.

नाकाचं अख्खं अस्तर बसवण्यात आणखी एक खोट होती. त्या अस्तरात घ्राणपेशींबरोबर शेंबूड बनवणाऱ्या ग्रंथीही असतात. २०१४ साली अमेरिकन डॉक्टरांनी एका तरुणीची नोंद प्रसिद्ध केली. अशी शस्त्रक्रिया होऊन आठ वर्षं झाल्यावर तिची पाठ दुखू लागली. कण्यात गाठ सापडली आणि गाठीत शेंबडासारखा चिकट द्रव होता. नाकानं कण्यातही नाकाचंच काम चालू ठेवलं होतं.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये पोलंडहून वेगळी बातमी आली. दारेक फिदिका या अग्निशामक जवानावर २०१०मध्ये चाकूहल्ला झाला होता. छातीच्या पातळीवर मज्जारज्जू जवळजवळ पूर्ण तुटला होता, मधे आठ मिलिमीटरची फट. २०१२ साली शल्यविशारद पावेल ताबाकोव यांनी त्याच्या मेंदूतला एक घ्राणगोल, म्हणजे वासाचे तंतू जिथे पोचतात तो भाग, काढला, त्यातल्या पेशी वाढवल्या आणि जखमेच्या वर-खाली सुमारे शंभर ठिकाणी टोचल्या. फटीवर त्याच्याच घोट्याजवळच्या नसेच्या चार पट्ट्या पूल म्हणून ठेवल्या. विचार रेझमन यांचा होता. दोन वर्षांनी तो माणूस वॉकर धरून चालू लागला. जगभर वर्तमानपत्रांचे मथळे झाले. सावध शास्त्रज्ञांनी विचारलं, एकाच रुग्णावरून काय ठरवायचं? चाकूची जखम अपघातातल्या चेंगरण्यापेक्षा स्वच्छ असते. त्यात कठोर व्यायामही होता. श्रेय कुणाला द्यायचं, घ्राणपेशींना, पुलाला की व्यायामाला? या आक्षेपांना आजही पुरतं उत्तर मिळालेलं नाही, आणि रेझमन २०१७च्या जानेवारीत वारले.

शस्त्रक्रिया झाली ते शहर व्रोत्स्वाफ. दुसऱ्या महायुद्धाआधी त्याचं नाव ब्रेस्लाउ होतं. गुटमान ज्या शहरातून जीव वाचवून निघाले, तेच हे.

बांधाच्या खटल्याचा निकालही याच काळात फिरला. कॅलिफोर्नियातल्या मायकेल सोफ्रोनिव्ह यांच्या गटानं उंदरांमध्ये जखमेजवळच्या फुगलेल्या तारकापेशीच नाहीशा करण्याची युक्ती केली होती. वण गेला तर तंतू मोकळे वाढायला हवे होते. २००४च्या त्यांच्या निबंधात उलटंच दिसलं. जखमेतली आग भोवतालच्या निरोगी भागात पसरली, तंतू अधिक मेले, प्राणी अधिक लुळे झाले. २०१६ साली 'नेचर'मध्ये त्यांनी पुढची पायरी दाखवली. वण होऊच दिला नाही, तरी तुटलेले तंतू आपणहून वाढले नाहीत. आणि वाढीसाठी योग्य रासायनिक खुराक दिला, तेव्हा ते वणातूनच पुढे गेले. म्हणजे पंचगंगेला पूर आल्यावर बांध फोडायला निघालेल्यांनी गावच बुडवला असता. काहीजणांना हा निष्कर्ष अजूनही मान्य नाही आणि वाद चालू आहे. पण वण म्हणजे निव्वळ अडथळा, असं आता सरसकट कुणी म्हणत नाही.

यामुळे ग्लासगोची ती ताटली नव्यानं महत्त्वाची ठरते. प्रश्न बांध फोडण्याचा उरला नाही. बाहेरून आणलेली पेशी तारकापेशींना न चिथावता त्यांच्यात मिसळेल का, तंतूला पुलावरून उतरवून पलीकडे नेईल का, इतका तो बारीक झाला आहे. मायामीनं श्वान पेशींचा नाद सोडलेला नाही. २०१७ साली तिथे छातीच्या पातळीवर नुकतीच दुखापत झालेल्या सहा जणांना त्यांच्याच पायाच्या नसेतून वाढवलेल्या श्वान पेशी देऊन त्या सुरक्षित असल्याचं नोंदवलं गेलं. सुरक्षित, एवढंच.

कोल्हापुरातही आता पेशी वाढवल्या जातात. डी. वाय. पाटील अभिमत विद्यापीठात मूळपेशी आणि पुनर्जनन वैद्यकाचा स्वतंत्र विभाग आहे, तिथे तरुण संशोधक ताटल्यांवर वाकलेले असतात. पण ताटली आणि रुग्ण यांच्यामध्ये कायद्याची भिंत आहे, आणि ती असणं चांगलं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २००७च्या मार्गदर्शक तत्त्वांच्या नावात 'संशोधन आणि उपचार' असे दोन्ही शब्द होते. २०१३च्या आवृत्तीत 'उपचार' हा शब्द मुद्दाम गाळला. रक्ताच्या काही विकारांसाठीचं मूळपेशी-प्रत्यारोपण सोडलं, तर बाकी सगळं अजून संशोधन आहे, मंजूर चाचणीबाहेर ते कुणाला विकता येत नाही, असं २०१७ची आवृत्तीही सांगते. तरी मोबाइलवर जाहिराती येतात, शेताचा तुकडा विकायची भाषा होते, आणि कुणीतरी दीड-दोन लाखांच्या सुया टोचून परत येतो.

नसीमादीदींची संस्था या काळात पसरली. उचगावच्या वसतिगृहातून मुलं शिकून बाहेर पडली, सिंधुदुर्गात कुडाळ तालुक्यात 'स्वप्ननगरी' उभी राहिली आणि तिथे अपंग माणसं काजूवर प्रक्रिया करून स्वतःचा पगार कमवू लागली.

आणि जिल्ह्यातल्या एखाद्या घरात नव्यानं कणा दुखावलेला मुलगा दवाखान्यातून परत येतो, तेव्हा फिजिओथेरपिस्ट त्याच्या आईला पहिल्यांदा शिकवतात ती गोष्ट गुटमाननं १९४४ साली घालून दिलेली असते. भिंतीवर घड्याळ लावायचं, दर दोन तासांनी कूस बदलायची, माकडहाडाजवळची कातडी लाल दिसते का ते हात फिरवून बघायचं. रात्री दोनला गजर लागतो, आई उठते, मुलाला डाव्या कुशीवरून उजव्या कुशीवर वळवते, गुडघ्यांमध्ये उशी ठेवते आणि चारचा गजर लावून पुन्हा आडवी होते.